डेन्मार्कच्या राजकन्या आणि त्यांची युरोपभरची सासरं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपातल्या राजघराण्यांची वंशावळ घेऊन बसलं की बोट फिरत फिरत शेवटी कोपनहेगनला येऊन थांबतं. एवढ्याशा देशाच्या मुली इंग्लंड, रशिया, स्वीडन, फ्रान्स, स्कॉटलंड, ग्रीस अशा ठिकाणी कशा गेल्या, तिथे त्यांचं काय झालं, हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. या लग्नांना सरसकट ‘राजकीय सोयरीक’ म्हटलं जातं. पण डेन्मार्कवर वेळ आली तेव्हा सासरची मंडळी धावून आली, असं फारसं दिसत नाही. टिकलं ते मुलींचं माहेर. पुढची उत्तरं वाचताना हे ध्यानात असू द्यावं.

‘युरोपचा सासरा’ कोणाला म्हणतात?

डेन्मार्कचा राजा ख्रिश्चन नववा (१८१८–१९०६) याला. त्याला आणि राणी लुईसला सहा मुलं. थोरला फ्रेडरिक पुढे डेन्मार्कचा राजा झाला. अलेक्झांड्रा इंग्लंडची राणी झाली, डाग्मार रशियाची सम्राज्ञी. दुसरा मुलगा विल्हेल्म हा ग्रीसचा राजा जॉर्ज पहिला झाला. धाकटी थ्युरा हॅनोव्हरच्या पदच्युत राजघराण्यात गेली. शेंडेफळ वाल्डेमारला फ्रेंच राजवंशातली बायको मिळाली.

या मुली जन्मतः राजाच्या मुली होत्या का?

नाही, आणि हे अनेकांना माहीत नसतं. ख्रिश्चन हा ग्लुक्सबुर्ग नावाच्या लहान घराण्यातला, सैन्यात अधिकारी असलेला माणूस. कुटुंब कोपनहेगनच्या आमालीगाडे रस्त्यावरच्या ‘पिवळ्या वाड्यात’ राहायचं. नाव वाड्याचं असलं तरी तो रस्त्याला लागून असलेला एक बऱ्यापैकी मोठा बंगलाच. मुली एका खोलीत झोपत, आपले कपडे आपण शिवत. राजा फ्रेडरिक सातवा निपुत्रिक होता, म्हणून १८५२ च्या लंडन करारात ख्रिश्चनचं नाव वारस म्हणून पुढे आलं. त्यात लुईसचा वाटा मोठा होता, कारण गादीशी जवळचं नातं तिचं होतं. तिची आई ही आधीचा राजा ख्रिश्चन आठवा याची सख्खी बहीण.

मग १८६३ साल उजाडलं आणि सगळं एकदम घडलं. मार्चमध्ये अलेक्झांड्राचं लग्न झालं, त्याच वर्षी सतरा वर्षांचा विल्हेल्म ग्रीसचा राजा म्हणून निवडला गेला, आणि नोव्हेंबरात बाप डेन्मार्कच्या गादीवर बसला. म्हणजे मुलगी युवराज्ञी झाली, मुलगा राजा झाला, आणि बाप राजा झाला तो सगळ्यांत शेवटी.

अलेक्झांड्राचं लग्न कसं जमलं?

राणी व्हिक्टोरियाला थोरल्या मुलासाठी, म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्स एडवर्डसाठी, जर्मन सून हवी होती. जर्मनीत दिलेली तिची लेक व्हिकी स्थळं शोधत होती, पण मनासारखी मुलगी मिळेना. डॅनिश मुलगी देखणी आहे हे कळत होतं, पण श्लेस्विग-होल्श्टाइन या डेन्मार्क-जर्मनी सरहद्दीवरच्या प्रदेशांच्या वादामुळे जर्मन नातेवाइकांचा तिला विरोध होता. शेवटी सप्टेंबर १८६१ मध्ये जर्मनीतल्या श्पायरच्या कॅथेड्रलमध्ये दोघांची ‘सहज’ गाठ घालून देण्यात आली. आपल्याकडे देवळात मुलगी दाखवायचे, तसाच हा बेत. वर्षभराने बेल्जियममधल्या लाकन राजवाड्यात साखरपुडा झाला आणि १० मार्च १८६३ रोजी विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपेलमध्ये लग्न.

दरबार अजून व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याच्या सुतकात होता. व्हिक्टोरियाने काळ्या कपड्यांत वरच्या सज्जातून लग्न पाहिलं. नवरी अठरा वर्षांची होती.

संसार सोपा नव्हता. एडवर्डच्या बाहेरच्या भानगडी जगजाहीर होत्या. आईकडून आलेला बहिरेपणा अलेक्झांड्राला वयाबरोबर ग्रासत गेला. १८६७ च्या आजारात एक पाय आखडला तो कायमचा, तेव्हा लंडनमधल्या काही हौशी बायका फॅशन म्हणून तिच्यासारख्या लंगडत चालू लागल्या. १८७५ मध्ये नवरा हिंदुस्थानच्या दौऱ्यावर निघाला, तेव्हा तिला यायची फार इच्छा होती. तिला नेलं नाही. तिच्या आयुष्यातल्या साऱ्या मानापमानांत हा नकार मला सर्वांत जास्त लागतो.

या सोयरिकीचा डेन्मार्कला काही फायदा झाला का?

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तोच १ फेब्रुवारी १८६४ रोजी प्रशिया (बलाढ्य जर्मन राज्य) आणि ऑस्ट्रियाच्या फौजा डेन्मार्कवर चालून आल्या. अलेक्झांड्रा तेव्हा नुकतीच बाळंत झाली होती. तिचा पहिला मुलगा ८ जानेवारीला दिवस भरण्याआधीच जन्मला होता. इंग्लंडमधलं लोकमत डेन्मार्कच्या बाजूचं होतं, प्रिन्स ऑफ वेल्स बायकोच्या बाजूने बोलत होता, पण राणी व्हिक्टोरियाचा कल जर्मनांकडे होता आणि सरकारने सैन्य पाठवलं नाही. ऑक्टोबरातल्या व्हिएन्नाच्या तहात डेन्मार्कने श्लेस्विग, होल्श्टाइन आणि लाउएनबुर्ग ही तिन्ही राज्यं गमावली. उत्तर श्लेस्विग परत आलं ते १९२० मध्ये, जनमत घेऊन. त्यात सोयरिकीचा हात नव्हता.

अलेक्झांड्राने हे आयुष्यभर विसरलं नाही. १८९० मध्ये ब्रिटनने हेलिगोलंड बेट जर्मनीला द्यायचं ठरवलं तेव्हाही तिने विरोध केला होता. बेट दिलं गेलंच.

डाग्मारचं लग्न आधी दुसऱ्याशी ठरलं होतं, हे खरं का?

खरं आहे. १८६४ च्या सप्टेंबरात रशियाचा युवराज निकोलाय याच्याशी तिचा साखरपुडा झाला. दोघांचं एकमेकांवर मनापासून प्रेम होतं. पुढच्याच एप्रिलमध्ये नीस शहरात तो आजाराने गेला, तेव्हा ती त्याच्या उशाशी होती. मरताना त्याने तिचा हात धाकट्या भावाच्या हातात दिला, अशी आख्यायिका आहे. ती आख्यायिका म्हणूनच वाचावी.

धाकटा भाऊ अलेक्झांडर दुसऱ्याच मुलीच्या प्रेमात होता. त्याच्यावर दबाव आला, आणि १८६६ च्या उन्हाळ्यात तो डेन्मार्कला येऊन मागणी घालून गेला. त्या शरदात डाग्मार जहाजात बसली तेव्हा निरोप द्यायला धक्क्यावर जमलेल्या गर्दीत परीकथाकार हान्स ख्रिश्चन आंडरसनही होता. नोव्हेंबरात सेंट पीटर्सबर्गच्या हिवाळी राजवाड्यात लग्न झालं.

गंमत अशी की मन मारून केलेलं हे लग्न त्या पिढीतल्या राजघराण्यांत सर्वांत सुखाचं ठरलं. पुढे झार अलेक्झांडर तिसरा झालेला हा नवरा आडदांड, अबोल, कडक. पण बायकोशी एकनिष्ठ. १८८५ मध्ये त्याने तिच्यासाठी फाबर्जे या जवाहिऱ्याकडून पहिलं ईस्टरचं अंडं करवून घेतलं. पांढऱ्या मिन्याच्या कवचात सोन्याचा बलक, आणि बलकात सोन्याची कोंबडी. १८९० च्या अंड्यात तर चिमुकल्या चित्रांची घडीची पट्टी होती आणि त्यातली अनेक चित्रं तिच्या डेन्मार्कमधल्या वाड्यांची. बायकोचं माहेर तिला अंड्यात घालून देणारा झार! १८९४ मध्ये तो अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी गेला.

लग्नानंतर नाव आणि पंथ का बदलावा लागे?

रशियाच्या युवराजाच्या बायकोला ऑर्थोडॉक्स पंथ घ्यावा लागे आणि त्यासोबत नवं नाव येई. लुथरन घरात वाढलेली डाग्मार अशी मारिया फ्योदोरोव्हना झाली. लग्नात मुलीचं पहिलं नाव बदलण्याची चाल आपल्याला नवी नाही, तांदळात नवं नाव लिहिलेल्या कित्येक आज्या आपण पाहिल्या आहेत. पण माहेरची माणसं तिला शेवटपर्यंत ‘मिनी’ म्हणत, जशी अलेक्झांड्रा त्यांच्यासाठी कायम ‘अलिक्स’ होती. इंग्लंडमध्ये अलेक्झांड्राला नाव बदलावं लागलं नाही, फक्त अँग्लिकन चर्चमध्ये जाऊ लागली.

तिसऱ्या बहिणीचं, थ्युराचं, काय झालं?

तिचं लग्न २१ डिसेंबर १८७८ रोजी अर्न्स्ट आउगुस्टशी झालं. तो हॅनोव्हरचा युवराज, पण १८६६ मध्ये प्रशियाने ते राज्यच गिळलं होतं. म्हणजे नवरा-बायको दोघांच्याही घरांनी प्रशियाचा मार खाल्लेला. दोघं ऑस्ट्रियातल्या ग्मुंडेन गावी शांतपणे राहिली.

पण वंशावळीत थ्युराची रेघ लांब जाते. तिच्या मुलाने १९१३ मध्ये जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म दुसऱ्याच्या एकुलत्या एक मुलीशी लग्न केलं आणि दोन घराण्यांचं जुनं वैर मिटलं. बर्लिनच्या त्या लग्नाला झार निकोलाय (डाग्मारचा मुलगा) आणि इंग्लंडचा पाचवा जॉर्ज दोघेही हजर होते. पुढच्या वर्षी महायुद्ध. या जोडप्याची मुलगी फ्रेडरिका ग्रीसची राणी झाली, आणि तिची मुलगी सोफिया स्पेनची.

फ्रेडन्सबोर्गला दर उन्हाळ्यात काय चालायचं?

माहेरपण. दुसरा शब्द मला सुचत नाही. कोपनहेगनच्या उत्तरेला तळ्याकाठी असलेल्या या राजवाड्यात सगळ्या लेकी नवरे-मुलांसह जमत. आडदांड झार इथे पोराटोरांत मूल होई, मैलभर पोलीस पहाऱ्याशिवाय फिरता येतं म्हणून खूश असे. पाहुण्यांनी हिऱ्याने खिडकीच्या काचेवर नाव कोरायचं, अशी इथली रीत आहे, ती आजही चालू आहे.

जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क याला या मेळाव्यांची धास्ती वाटे, इथे जर्मनीविरुद्ध कट शिजतात असा त्याला संशय होता. प्रशियाबद्दल इथे कोणी प्रेमाने बोलत नसणार हे उघड आहे. पण कौटुंबिक रागाने राष्ट्रांची धोरणं ठरली असती, तर १८६४ चा निकाल वेगळा लागला असता.

पाचवा जॉर्ज आणि झार निकोलाय दुसरा इतके सारखे का दिसतात?

कारण ते मावसभाऊ. एक अलेक्झांड्राचा मुलगा, दुसरा डाग्मारचा. मराठी वाचकाला हे एका शब्दात कळतं, हे आपलं भाग्य. कैसर विल्हेल्म हा जॉर्जचा आतेभाऊ होता, म्हणजे नातं वडिलांकडून, व्हिक्टोरियाच्या घरातलं. अनेक लेखांत या तिघांना नुसतं ‘चुलतभाऊ’ लिहिलेलं असतं. त्यातला कोणीच कोणाचा चुलतभाऊ नव्हता.

रशियन क्रांतीनंतर डाग्मार कशी वाचली?

१९१७ मध्ये झारला इंग्लंडात आसरा देण्याचा प्रस्ताव पुढे आला होता, पण जॉर्जनेच सरकारला तो मागे घ्यायला लावला. मावसभावाला वाचवलं नाही. १९१८ च्या जुलैमध्ये निकोलाय, त्याची बायको आणि पाचही मुलं येकातेरिनबुर्गला मारली गेली.

डाग्मार तेव्हा क्रिमियात अडकली होती. इकडे अलेक्झांड्राने बहिणीसाठी मुलाच्या मागे लकडा लावला. एप्रिल १९१९ मध्ये ब्रिटिश युद्धनौका मार्लबरो याल्टाला पोचली. आपल्या बरोबरच्या लोकांनाही घेतल्याशिवाय म्हातारी सम्राज्ञी निघायला तयार नव्हती. भाच्याने पाठवलेल्या त्या बोटीतून ती कायमची रशियाबाहेर पडली.

पुढे ती डेन्मार्कला परतली आणि समुद्रकाठच्या व्हिडोर बंगल्यात राहिली. तो दोघी बहिणींनी बऱ्याच वर्षांपूर्वी मिळून घेतला होता. मुलगा आणि नातवंडं गेली हे तिने जाहीरपणे कधीच मान्य केलं नाही. अलेक्झांड्रा १९२५ मध्ये गेली, डाग्मार १९२८ मध्ये.

हुंड्यात बेटं दिली होती ती कोणती?

ऑर्कनी आणि शेटलंड. ख्रिश्चन पहिला याची मुलगी मार्गारेट १४६९ मध्ये स्कॉटलंडच्या तिसऱ्या जेम्सला दिली. हुंडा ठरला साठ हजार ऱ्हाइन गिल्डर, पण बापाच्या खजिन्यात खडखडाट. मग त्याने आधी ऑर्कनी पन्नास हजारांपोटी गहाण टाकलं. उरलेल्या दहांतले दोन हजारच रोख जमले, तेव्हा आठ हजारांसाठी शेटलंडही गहाण गेलं. गहाण कधी सुटलं नाही, १४७२ मध्ये स्कॉटलंडने दोन्ही द्वीपसमूह राज्याला जोडून टाकले.

आपली मुंबईही अशीच १६६१ च्या करारात पोर्तुगीज राजकन्या कॅथरीनच्या हुंड्यात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मिळाली. आणि हा चार्ल्स कोण? डेन्मार्कची राजकन्या अ‍ॅन हिचा नातू.

मग ही अ‍ॅन कोण?

१५७४ मध्ये जन्मलेली, स्कॉटलंडच्या सहाव्या जेम्सची बायको. ऑगस्ट १५८९ मध्ये क्रोनबोर्गच्या किल्ल्यात नवऱ्याच्या गैरहजेरीत, त्याच्या प्रतिनिधीशी विधी करून लग्न लागलं. आपल्याकडच्या संस्थानिकांत खांड्याशी लग्न लावायचे, त्यातलाच प्रकार. नवरीची जहाजं वादळात सापडून नॉर्वेच्या किनाऱ्याला लागली. जेम्स स्वतः समुद्र ओलांडून गेला आणि नोव्हेंबरात ऑस्लोला दोघांचं प्रत्यक्ष लग्न झालं.

याचा शेवट भयंकर आहे. वादळ चेटकिणींनी उठवलं असं ठरलं, कोपनहेगनला आणि स्कॉटलंडमध्ये नॉर्थ बेरिकच्या खटल्यांत छळ करून कबुल्या घेतल्या, बायकांना मारलं. जेम्सने स्वतः चौकशीत भाग घेतला. राजाराणीच्या प्रेमकथेत हा भाग गाळला जातो. तो गाळू नये.

सर्वांत वाईट सासर कोणाच्या वाट्याला आलं?

माझ्या मते फ्रान्सला दिलेल्या इंगेबोर्गच्या. १४ ऑगस्ट ११९३ रोजी आमियाँला फिलिप ऑगस्टशी लग्न, आणि दुसऱ्या दिवशी राजाने तिला टाकलं. कारण आजवर कोणालाही कळलेलं नाही. राजाच्या धर्मगुरूंनी लांबच्या नात्याचं निमित्त काढून लग्न रद्द ठरवलं. अठराएक वर्षांच्या त्या मुलीला फ्रेंच येत नव्हतं. ‘वाईट फ्रान्स! रोम! रोम!’ एवढं ती मोडक्या लॅटिनमध्ये ओरडली, म्हणजे माझा न्याय पोप करील. मठांत, मग एताँपच्या किल्ल्यात तिला कोंडलं. फिलिपने दुसरं लग्न केलं. १२०० मध्ये पोप तिसऱ्या इनोसंटने फ्रान्समध्ये प्रार्थना आणि संस्कार बंद करण्याचा आदेश काढला, तरीही राजा बधला तो नावापुरता. अखेर १२१३ मध्ये, वीस वर्षांनी, तिला राणी म्हणून मान मिळाला. या वीस वर्षांत एकदाही तिने हक्क सोडला नाही.

स्वीडनशी वैर असताना तिथे मुली कशा दिल्या?

वैर होतं म्हणूनच. उल्रिका एलेओनोराचा साखरपुडा १६७५ मध्ये स्वीडनच्या अकराव्या कार्लशी झाला आणि लगेच दोन देशांत युद्ध पेटलं. तिने साखरपुडा मोडू दिला नाही. तह झाल्यावर १६८० मध्ये लग्न लागलं. पण तिचा मुलगा बारावा कार्ल पुढे डेन्मार्कवरच चालून आला. १७६६ मध्ये गुस्ताव तिसऱ्याला दिलेली सोफिया माग्दालेना लाजाळू होती, तिचा संसार एकाकी गेला.

आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरची इंगेबोर्ग?

ही नावाने तीच, नशिबाने अगदी उलट. फ्रेडरिक आठव्याची मुलगी, १८९७ मध्ये स्वीडनच्या प्रिन्स कार्लशी लग्न. ती राणी झाली नाही, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. पण तिच्या मुली पाहा. मार्था नॉर्वेची युवराज्ञी, आस्त्रिद बेल्जियमची राणी. आस्त्रिद १९३५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मोटार अपघातात गेली.

इथे नात्यांची एक मजा आहे. इंगेबोर्गचा भाऊ नॉर्वेचा राजा हाकोन. त्याची बायको मॉड ही अलेक्झांड्राची लेक, म्हणजे त्याच्या आत्याची मुलगी. त्याच्या मुलाने, ओलावने, मार्थाशी लग्न केलं, तीही त्याच्या आत्याचीच मुलगी. आपल्याकडे काही समाजांत मामाची मुलगी करतात, नॉर्वेत ओळीने दोन पिढ्या आत्याची मुलगी सून म्हणून आली.

अलीकडे परदेशी राजाला दिलेली राजकन्या कोण?

अ‍ॅन-मारी. माजी राणी मार्गरेट यांची धाकटी बहीण. १८ सप्टेंबर १९६४ रोजी, अठराव्या वर्षी, त्यांचं अथेन्सला ग्रीसच्या दुसऱ्या कॉन्स्टंटाइनशी लग्न झालं. दोघंही ख्रिश्चन नवव्याची खापरपतवंडं, एकाच ग्लुक्सबुर्ग घराण्याची. आपल्या सगोत्राच्या नियमात हे बसलं नसतं. १९६७ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, राजाचा उलटा उठाव फसला, कुटुंब रोमला आणि पुढे लंडनला गेलं. १९७४ च्या जनमताने ग्रीसची राजेशाही संपली. २०१३ मध्ये ते दोघं ग्रीसला परतले, कॉन्स्टंटाइन जानेवारी २०२३ मध्ये वारले. मधली बहीण बेनेडिक्टे यांनी १९६८ मध्ये जर्मन राजपुत्र रिचर्ड यांच्याशी लग्न केलं.

आज कोणते राजे या घराचे वंशज आहेत?

ब्रिटनचे चार्ल्स (आईकडून अलेक्झांड्राचे, वडिलांकडून ग्रीसच्या जॉर्जचे), नॉर्वेचे हाराल्ड, स्पेनचे फेलिपे, बेल्जियमचे फिलिप, लक्झेंबर्गचे ग्रँड ड्यूक गियोम, आणि अर्थात डेन्मार्कचे फ्रेडरिक दहावे. स्वीडन आणि नेदरलँड्सचे राजे नाहीत.

मुंबईत या नात्याच्या काही खुणा आहेत का?

भरपूर आहेत, फक्त आपण त्या तशा पाहत नाही. काळा घोडा हे नाव ज्या पुतळ्यावरून पडलं, त्या घोड्यावर अलेक्झांड्राचा नवरा बसलेला होता. ती जिच्यावर येऊ शकली नाही, त्याच १८७५ च्या स्वारीची ती आठवण. पुतळा १९६५ पासून राणीच्या बागेत आहे. परळचं केईएम म्हणजे किंग एडवर्ड मेमोरियल, तेही त्याच्याच नावाचं. गेटवे ऑफ इंडिया तिच्या मुलाच्या आगमनाची खूण. तिच्या स्वतःच्या नावाची गोदी, अलेक्झांड्रा डॉक, आता इंदिरा डॉक आहे. आणि माणेकजी करसेटजींनी १८६३ मध्ये, तिच्या लग्नाच्याच वर्षी, काढलेली मुलींची शाळा तिचं नाव लावते.

डाग्मारचं दफन दोनदा का झालं?

१९२८ मध्ये तिला डॅनिश राजांच्या शेजारी रोस्किल्डच्या कॅथेड्रलमध्ये ठेवलं. पण आपल्याला नवऱ्याजवळ पुरावं, ही तिची इच्छा होती. सोव्हिएत संघ गेल्यावर दोन्ही सरकारांत बोलणी झाली. सप्टेंबर २००६ मध्ये शवपेटी डॅनिश नौदलाच्या जहाजातून, ती नवरी म्हणून गेली होती त्याच समुद्रमार्गाने, सेंट पीटर्सबर्गला नेली. २८ सप्टेंबरला पीटर आणि पॉल किल्ल्यातल्या कॅथेड्रलमध्ये अलेक्झांडर तिसऱ्याच्या बाजूला दफन झालं. पहिल्या पाठवणीला तेव्हा १४० वर्षं झाली होती.